दहापैकी दहा

३ जुलै २०२५, गुरुवार

आज आलेलं सामान — साखर तपासायचं मशीन एक, त्याच्या पट्ट्या पंचवीस, सुया पंचवीस, कापडी पिशवी एक. किंमत — काही नाही. चार पानांवर सह्या, तेवढंच.

फुकटची वस्तू घरात घ्यायची मला भीती वाटते. हे असते तर म्हणाले असते, बदल्यात काय नेणार ते आधी विचार. मी विचारलं. ती मुलगी हसली — "काही नेणार नाही काकू. फक्त उत्तरं नेणार."

चैताली तिचं नाव. कॉलेजातून आली आहे. साखरेच्या माणसांना घरी जाऊन नीट शिकवलं तर त्यांच्या तब्येतीत फरक पडतो का, असा तिचा अभ्यास आहे. आमच्या सोसायटीच्या दोन्ही बिल्डिंगमधली साखरेची माणसं घेतली आहेत. चिठ्ठी टाकून ठरवलं म्हणे. ए बिल्डिंगला दर गुरुवारी धडा. बी बिल्डिंगला धडा नाही, महिन्यातून एकदा तपासणी आणि प्रश्न. सहा महिन्यांनी दोन्हीकडचं ताडून बघणार आणि मग बी बिल्डिंगलाही सगळे धडे देणार.

चारही पानं तिनं वाचून दाखवली. "मध्येच कधीही सोडू शकता, कारण सांगायची गरज नाही." मी कशाला सोडते आहे! दर गुरुवारी कुणीतरी दार वाजवणार.

मग प्रश्न. जेवण किती, चालणं किती, औषध चुकतं का. एक प्रश्न असा — गेल्या आठवड्यात एकटं वाटलं का? कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी. मी म्हटलं, कधी कधी. अमित हैदराबादहून दर रविवारी फोन करतो. "नेहमी" म्हटलं तर पोराचं नाव खराब होतं.

शेवटी पायाची तपासणी. डोळे मिटायचे. ती नायलॉनचा दोरा तळव्याला वेगवेगळ्या जागी टेकवते, लागलं की "हो" म्हणायचं. तिच्या लग्नाला दोनच महिने झालेत, हातभर हिरव्या बांगड्या. हात हलला की किणकिण. माझ्या हातात दोन प्लॅस्टिकच्या, त्या वाजत नाहीत. या घरात तो आवाज किती दिवसांनी आला. दहापैकी दहा बरोबर. "शाब्बास काकू" म्हणाली. दहावीच्या निकालानंतर मला कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं.

४ जुलै

संध्याकाळी भागीबाईंना मशीन दाखवलं. त्या बी बिल्डिंगमध्ये, तळमजल्याला. त्यांचे मालक आणि हे, दोघे नोटांच्या प्रेसमध्ये एका खात्यात होते. आता दोघेही नाहीत. त्यांचा लखन ओझरला, कारखान्यात कामाला. त्या तिकडे एकट्या, मी इकडे एकटी. रोज संध्याकाळी बरोबर विहारात जातो, किती वर्षं झाली.

साखर त्यांनाही आहे, नाव त्यांचंही घेतलंय. मशीन उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, "आम्हाला नुसतं मोजणार आन तुम्हाला शिकवणार. बरंय. दहावी पास बघून चिठ्ठी निघाली असंल तुमची."

१० जुलै, आषाढ पौर्णिमा

वर्षावास सुरू झाला. सकाळी विहारात भंतेजींकडून आठ शीलं घेतली. एकच वेळ जेवण.

घरी आले तर चैताली दारात उभी. पहिला धडा साखरेचा — ती रक्तात कशी चढते, जेवणाआधी किती हवी, नंतर किती. जाताना म्हणाली, "एक मात्र आहे हं काकू. हे धडे बी बिल्डिंगमध्ये सांगायचे नाहीत, सहा महिने. सांगितले तर दोन्हीकडे सारखंच होईल. मग शिकवल्यानं काय फरक पडला ते आम्हाला कळणारच नाही."

मी म्हटलं, शब्द दिला.

अंगावर अजून उपोसथाचं, व्रताचं पांढरं पातळ होतं. पांढऱ्या कपड्यात दिलेला शब्द माझ्या लेखी शीलासारखाच. तिला ते कळलं नसेल. ती पिशवी आवरत होती.

१७ जुलै

दुसरा धडा. भाताची वाटी बदलली. चैतालीला कमी तेलाचे पोहे केले, दोनदा घेतले तिनं.

२४ जुलै, गुरुवार

तिसरा धडा — पाय.

साखर जुनी झाली की पायांची जाण जाते. काटा मोडला, भाजलं, चप्पल चावली, काही कळत नाही. म्हणून अनवाणी चालायचं नाही. चप्पल घालण्याआधी उलटी करून झटकायची. गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत. पाणी कोमट आहे ना, ते आधी कोपरानं बघायचं. आणि रोज तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.

"स्वतःचे तळवे नीट दिसत नाहीत काकू. घरातल्या कुणालातरी बघायला सांगायचं."

"आणि घरात कुणी नसलं तर?"

तिनं पानं उलटली. तिच्या पुस्तिकेत तसं काही नव्हतं. सगळ्या चित्रांत एक आजोबा आणि त्यांचे पाय बघणारी सून. मग म्हणाली, "आरसा जमिनीवर ठेवून त्यात बघा."

माझा आरसा कपाटाला जडवलेला. हातातला नवा बाजारात एकशेवीसला सांगितला. राहू दे. वाकून जेवढं दिसतं तेवढं बघेन.

खरं सांगायचं तर धडा मला पहिल्या वेळीच कळतो. तरी दुसऱ्यांदा विचारते. अर्धा तास जास्त बसते ती.

२६ जुलै

विहाराच्या वाटेवर भागीबाई — "मंग काय शिकवलं मास्तरणीनं?"

"काही नाही, नेहमीचंच."

"नेहमीचं शिकवायला कॉलेजातून येतंय व्हय कोणी." आणि हसल्या. मग आपलंच सांगायला लागल्या. "माझ्या पायाला लय मुंग्या येत्यात. रोज संध्याकाळी कढत पाण्यात मीठ टाकून बसते. तेवढंच बरं वाटतं."

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. विहाराच्या दारापर्यंत तसंच तोंडात घेऊन गेले. तिथे त्यांनी चपला काढल्या आणि ओल्या फरशीवरून अनवाणी चालत गेल्या. मी म्हटलं, "आज गर्दी नाही."

वंदनेत लक्ष लागलं नाही. ओठ नुसते हलत होते.

३१ जुलै, गुरुवार

चैतालीला विचारलं, नाव न घेता — बी बिल्डिंगमध्ये एखादीला त्रास होत असला तर?

"आम्ही दर महिन्याला विचारतो ना त्यांना. मुंग्या येतात का, जखम आहे का, सगळं. त्रास असला तर लगेच डॉक्टरांकडे पाठवतो. तुम्ही काळजी करू नका काकू."

म्हणजे व्यवस्था आहे. शिकलेली माणसं आहेत, त्यांनी विचार केलाच असेल. जेवण गेलं आज.

९ ऑगस्ट, श्रावण पौर्णिमा

एक तोड काढली होती. सांगायचं नाही, पण करायचं. माझ्या मऊ चपला आहेत, दोनदाच घातलेल्या, त्या भागीबाईंना देऊ केल्या. "विहारात आतपर्यंत घालून चला, भंतेजी काही म्हणणार नाहीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "उतरलेलं देता व्हय मला?" हसूनच म्हणाल्या. पण चपला घेतल्या नाहीत.

खोटं बोलायला नको म्हणून आता मी त्यांच्याशी कमीच बोलते. पाण्याचा विषय निघाला की भाजीवर जाते. भाजीवरून पुन्हा जेवणावर येतं, जेवणावरून धड्यावर. कुठलाच विषय उरला नाही. वाटभर दोघी गप्प.

हे शील पाळणं झालं का? कुणाला विचारू?

१४ ऑगस्ट

धडा सहावा. बुधवारी दुपारपासूनच माझा गुरुवार सुरू होतो.

१९ ऑगस्ट

सहाऐवजी पाचला विहारात जाऊन आले. दोन दिवस झाले असंच करते आहे. फाटकावर केरू वॉचमन म्हणाला, "काकू, भागीबाई तुमची वाट बघत बसल्या व्हत्या काल इथं. मग एकल्याच गेल्या."

"बरं" म्हटलं. वर येऊन दिवा लावला. आज बोललेले शब्द मोजले तर केरूला "बरं" आणि दूधवाल्याला "एकच".

४ सप्टेंबर, गुरुवार

पुन्हा दोऱ्याची तपासणी. डोळे मिटले, किणकिण, हो, किणकिण, हो. दहापैकी दहा. चैताली म्हणाली, "काकू, तुम्ही आमच्या सगळ्यात हुशार पेशंट." रोज तळवे बघता का, विचारलं. मी हो म्हटलं. वाकून दिसतात तेवढे बघतेच की.

७ सप्टेंबर, भाद्रपद पौर्णिमा

आजचं सगळं लिहिते.

पौर्णिमेला वेळ टाळता येत नाही, सगळे एकदमच येतात. भागीबाई माझ्या पुढे तीन-चार बायका सोडून चालत होत्या. फरशी नुकतीच पुसलेली. त्यांचा उजवा पाय जिथे टेकत होता तिथे एक ओला ठसा उमटत होता, पिवळसर. एक, दोन, तीन. पातळाच्या काठालाही लागलेलं. त्यांना पत्ता नाही. ताठ चालल्या होत्या.

वंदना संपल्यावर त्यांना पायरीवर बसवलं.

"भागीबाई, पाय दाखवा."

"काय नाय ओ. फोड आला व्हता, फुटला."

"दुखत नाही?"

"दुखलं असतं तर आले असते का चालत?"

करंगळी आणि शेजारचं बोट — लिहवत नाही. वास येत होता. रोजच्या कढत पाण्यानं भाजून फोड आलेला, आणि त्यांना वाटत होतं पाणी अजून पुरेसं तापत नाही.

मग मी सगळं सांगितलं. तिसरा धडा अख्खा, तिथेच पायरीवर, पांढऱ्या पातळात. पाणी, कोपर, चप्पल, तळवे, बेचकी. एकही गोष्ट विसरले नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं.

"मंग हे तुम्हाला जुलैतच ठावं व्हतं."

"हो."

"कढत पाण्याचं मी तुम्हाला सांगितलं, तवा?"

"तेव्हाही."

त्यांनी पातळाचा काठ पायावर ओढला. मग म्हणाल्या, "आन मला वाटलं, बाईला आता माझ्यासंगं चालायची लाज वाटती."

मी म्हटलं, उद्याच्या उद्या चैतालीला फोन करते. त्यांनी माझा हात धरला. "नका. पायाला जखम असंल तर नाव काढत्यात, पहिल्याच दिशी वाचून दाखवलंय तिनं. दर महिन्याला इचारती, मुंग्या येत्यात का. मी म्हणते, नाय. दोरा लावती तवाबी म्हणते, हो, हो."

"पण का?"

"ती माझा पाय मांडीवर घेती ओ. मालक गेल्यापासून माझ्या पायाला कोणाचा हात लागला नव्हता. आता दवाखान्यात धाडलं की नाव गेलं. मंग कोण येतंय?"

मला हसू आलं आणि रडूही. दर गुरुवारी पोहे करणारी मी. मी तिला काय सांगणार होते!

शेवटी म्हणाल्या, "सांगू नका. शब्द द्या." आणि मी दिला. एक शब्द मोडून अर्धा तास झाला नव्हता.

८ सप्टेंबर

भागीबाईंकडे जाऊन आले. हळद लावून फडकं बांधलंय. "बरं हाय."

१० सप्टेंबर

अंग गरम लागलं त्यांचं. म्हणाल्या, उन्हातून आले म्हणून. आज ऊन नव्हतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

दार उघडल्या उघडल्या चैतालीला सांगितलं. धडा राहिला बाजूला. ती जिना धावत उतरली, चप्पलसुद्धा नीट घातली नाही.

रिक्षात भागीबाई मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. भागीबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. चैताली सारखी एकच म्हणत होती — "त्यांचा दोरा दहापैकी दहा होता. मी स्वतः केला होता काकू. मला कळलंच नाही."

१३ सप्टेंबर

दोन बोटं काढली. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आल्या असत्या तर कदाचित एकही गेलं नसतं.

आठवडाभर. त्यातले चार दिवस माझे.

२० सप्टेंबर

लखन आईला न्यायला आला. पिशव्या मी बांधून दिल्या. जिन्यात मला म्हणाला, "काकू, तुम्हाला धडे मिळत होते ना घरबसल्या? मग?"

ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं आणि उभा राहिला. मी म्हटलं, "सांगायचं नाही म्हणाले होते." ते वाक्य तोंडाबाहेर पडलं आणि मलाच ऐकवेना.

भागीबाई गाडीत पुढे बसल्या होत्या. जयभीम केला मी. त्यांनी मान हलवली की गाडीचा गचका बसला, कळलं नाही.

२ ऑक्टोबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन

विहारात एकटी गेले, एकटी आले. खीर वाटली सगळ्यांनी. मला चालत नाही, आणि भागीबाईंना द्यायची तर त्या नाहीत.

९ ऑक्टोबर, गुरुवार

चैताली आली. पुस्तिका काढलीच नाही. म्हणाली, "भागीबाईंच्या नावापुढे मला 'अभ्यासातून गळाल्या' असं लिहावं लागतं. तसा रकानाच आहे."

मी म्हटलं, का गळाल्या ते लिहायला रकाना आहे का?

"छोटा आहे."

"मग लहान अक्षरात लिही. तुला जमत नसेल तर मी लिहिते. आणि माझ्या नावापुढेही लिही, की हिनं सांगायला हवं तेव्हा सांगितलं नाही आणि सांगितलं ते उशिरा. आणि हेही लिही की ही बाई येणाऱ्या पोरीसाठी उत्तरं देते. मला एकटं वाटतं का विचारलंस ना? मी 'कधी कधी' म्हटलं. ते खोडून 'नेहमी' कर."

तिनं खाली बघितलं. म्हणाली, "हे मी सरांना सांगितलं तर माझं वर्ष जाईल कदाचित."

तिला लेकीसारखं समजावायला हवं होतं की काय! पण मला समजावायचं नव्हतं. जाताना तिच्या पिशवीत डबा दिला. तेवढंच.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं तिनं! सरांना, आणि सरांनी कॉलेजच्या समितीला. अशा अभ्यासात माणसांना इजा होऊ नये हे बघायला ती समिती असते म्हणे. पत्ता माझ्या त्या चार पानांवरही होता. मला वाटलं होतं पत्ता असतो नुसता, असाच.

समितीनं तीन गोष्टी ठरवल्या. बी बिल्डिंगला आत्ताच पायाचा धडा द्यायचा, सहा महिने थांबायचं नाही. जखम झाली म्हणून कुणाला वाऱ्यावर सोडायचं नाही, नाव काढलं तरी भेटायला जायचं. आणि शिकवणारीनंच तपासायचं नाही. शेवटची तपासणी दुसरी कुणीतरी करणार. "मी शिकवलेलं मीच मोजलं तर मला चांगलंच दिसणार ना काकू," चैताली म्हणाली.

एका बैठकीत ठरलं. म्हणजे जुलैतही ठरवता आलं असतं.

तिचं वर्ष गेलं नाही. सर रागावले मात्र.

३० ऑक्टोबर

बी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पायाचा धडा झाला. मी मागे उभी राहून ऐकला. भागीबाईंचं दार बंद, कडीला कुणीतरी शाळेच्या क्लासची जाहिरात अडकवलेली. ती काढून आणली.

१६ नोव्हेंबर, रविवार

ओझरला जाऊन आले. द्वारकेच्या चौकात उतरून दुसरी गाडी. नव्या चपला घेतल्या होत्या, मऊ तळव्याच्या, पुढून बंद. दोनशे ऐंशी. घासाघीस केली नाही.

लखनच्या बायकोनं दार अर्धंच उघडलं. वाईट नाही ती, पाणी दिलं मला. "आई झोपल्यात." आतून खोकल्याचा आवाज आला, त्यांचाच. झोपलेल्या माणसाचा नाही. मी म्हटलं, झोपू द्या. चपला दिल्या. म्हटलं, घालण्याआधी उलट्या करून झटकायला सांगा. तिनं मान हलवली.

लखनच्या नंबरावर फोन केला तर तो कामावर असतो. भागीबाईंचा स्वतःचा फोन नाही. अमितला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस? तू थोडीच डॉक्टर आहेस." मायेनंच म्हणाला.

४ डिसेंबर

थंडी. पाय गार पडतात. मोजे काढले पेटीतून, यांचे.

२५ डिसेंबर, गुरुवार

शेवटचा धडा. चैतालीला पातळ देणार होते, तिनं घेतलं नाही, नियमात बसत नाही म्हणाली. मग पोहे खाल्ले दोघींनी. तिच्या हातात आता थोड्याच बांगड्या उरल्यात, बाकीच्या काम करता करता फुटल्या. दारातून म्हणाली, "येईन हं काकू कधीतरी." कधीतरी हा वार माझ्या कॅलेंडरवर नाही.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

चुकून पोहे भिजवले.

८ जानेवारी, गुरुवार

शेवटची तपासणी. रोशनी नावाची मुलगी आली, कमी बोलणारी. हातात काही नाही, रबरी पट्ट्याचं घड्याळ तेवढं. साखर चांगली निघाली. मग म्हणाली, डोळे मिटा, लागलं की हो म्हणा.

मी डोळे मिटले. खाली कुणीतरी स्कूटर सुरू केली, ती लांब गेली. नळ ठिबकत होता. मी वाट बघत बसले. मग म्हटलं, "सुरू कर ना बाळा."

ती म्हणाली, "काकू, झालं. दहाही झाले."

मी डोळे उघडले. मांडीवर माझा पाय होता तिच्या. मला कळलंही नव्हतं.

बांगड्या! सहा महिने मी बांगड्यांना हो म्हणत होते. खोटं म्हणून नाही. आवाज आला की मला लागल्यासारखंच वाटायचं. तिनं उजवा तळवा वळवून बघितला. टाचेला चीर आहे, खोल, कडा काळ्या. किती दिवसांची ते मला सांगता आलं नाही. रिक्षा बोलवायला ती खाली गेली आहे, तोवर हे लिहिते.

पन्नास पैशांचं कार्ड घरात होतं. भागीबाईंना मोठी अक्षरं वाचता येतात, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं. वाटेत टाकेन. मजकूर हा —

भागीबाई, जयभीम. माझेही पाय तुमच्यासारखेच आहेत, मला आज कळलं. माझ्यावर रागवा, पण हे ऐका. तळवे बघायला दुसरं माणूस लागतं, ते माझ्या घरात नाही. तुम्ही माझे बघा, मी तुमचे बघते. तुम्ही इकडे येता की मी तिकडे येऊ, ते उलट टपाली कळवा.